फराळाचा डबा सेंट जॉनला की सेंट जॉन्सला?

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतली बरीच मुलं कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत. दिवाळीआधी डब्यांवर पत्ते लिहून घ्यायला सगळ्या माझ्याकडे येतात, कारण मी एकदा सपशेल चुकले होते. भाचा सेंट जॉनला आणि मी डबा पाठवला सेंट जॉन्सला! मधे अख्खा समुद्र. भाच्याच्या हाती पडेपर्यंत चकल्यांचा भुगा झाला होता.

म्हणून आधी हे बघा. न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनचा 'सेंट' पूर्ण अक्षरांत लिहितात. न्यूफाउंडलंडच्या राजधानीला नुसतं एस-टी आणि टिंब, जॉनपुढे अपॉस्ट्रॉफी-एस. तरी शंका वाटली तर पोस्टल कोडचं पहिलं अक्षर पाहा: न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडोरचं ए, नोव्हा स्कॉशियाचं बी, प्रिन्स एडवर्ड आयलंडचं सी आणि न्यू ब्रन्सविकचं ई. मधलं डी ते वापरतच नाहीत.

आता 'मॅरिटाइम्स' की 'अटलांटिक कॅनडा'? न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कॉशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड हे तीन मॅरिटाइम्स. न्यूफाउंडलंड धरलं की चौघं मिळून अटलांटिक कॅनडा. तो प्रांत कॅनडात आला 1949 साली. पहिले दोन 1867 पासूनचे, प्रिन्स एडवर्ड बेट 1873 चं. न्यूफाउंडलंडच्या माणसाला मॅरिटाइम्सवाला म्हणणं म्हणजे नाशिककराला खानदेशी म्हणणं. उत्तर महाराष्ट्रात आपण सगळे एकत्र, पण खानदेश म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबार. (सटाण्याकडचे वाद घालतील, घालू देत.)

नावं लक्षात ठेवायची युक्ती: नोव्हा स्कॉशिया म्हणजे लॅटिनमध्ये नवं स्कॉटलंड. न्यू ब्रन्सविक त्यातूनच 1784 मध्ये वेगळं काढलं. बेटाला नाव राणी व्हिक्टोरियाच्या वडिलांचं. बेटावर जायला 1997 पासून जवळजवळ 13 किलोमीटरचा पूल आहे. न्यूफाउंडलंडला मात्र बोट नाहीतर विमान. लॅब्राडोर हा त्याच प्रांताचा भाग, पण मुख्य भूमीवर, क्वेबेकला चिकटलेला.

फोन करताना न्यूफाउंडलंडचं घड्याळ शेजाऱ्यांच्या अर्धा तास पुढे असतं हे विसरू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर आपल्या वेळेतून सेंट जॉन्ससाठी नऊ तास वजा करा, मॅरिटाइम्ससाठी साडेनऊ. त्याआधी दिवाळी आली तर तास एकेक कमी. म्हणजे त्या रविवारनंतरच्या लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी साडेसहाला व्हिडिओ कॉल लावलात, तर नोव्हा स्कॉशियातल्या हॅलिफॅक्सची पोरगी सकाळी नऊला दात घासत उचलेल.