चार डॉक्टर, एक कागद

मिरजेत डॉक्टरांची वानवा नाही. नानांचे हृदयाचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, गुडघ्याचे आणि प्रोस्टेटचे आणखी वेगळे. जो तो आपापलं बघतो. सगळं मिळून बघायला घरचंच कुणीतरी लागतं. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आलंय.

आधी सगळ्या गोळ्या एका कागदावर उतरवा. नुसतं कंपनीचं नाव नको, पाकिटावर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते लिहा. नानांच्या डब्यात पॅन्टोप्राझोल, म्हणजे ॲसिडिटीची गोळी, दोन नावांनी निघालं, दोन डॉक्टरांनी दिलेलं! कागदाच्या वरच्या बाजूला शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), तारखेसकट. गुडघ्याच्या डॉक्टरांपुढे हा कागद असला की दुखण्याची गोळी ते जपून देतात. त्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीला बाधतात, आणि बीपीची व लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. काढे, चूर्णंही लिहा. नाना विचारूनही सांगत नाहीत, मी उशाखाली बघते.

मोठे डॉक्टर कितीही असोत, फॅमिली डॉक्टर सोडू नका. नवी चिठ्ठी आली की त्यांना दाखवायची आणि विचारायचं, आता यातली बंद कुठली करायची?

डिस्चार्जच्या दिवशी सगळं लक्ष बिलात असतं. निघण्याआधी सिस्टरकडून लिहून घ्या: जुन्या कुठल्या गोळ्या बंद, कॅथेटर (लघवीची नळी) कधी बदलायचा, रात्री काही झालं तर फोन कुणाला. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली हवी. कूस बदलताना सांभाळायला ठेवलेल्या मावशी ती सोयीसाठी गादीवर ठेवतात, मग लघवी उलटी फिरते आणि इन्फेक्शनला आमंत्रण. रुग्णसेवा ब्यूरोची मावशी नवी असेल तर पहिल्या दिवशी शेजारी उभं राहून हे दाखवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या, लाली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

बाहेरगावच्या भावंडांना सल्ले फार सुचतात. त्यांना कामं द्या. दादाने पुण्यात बसून नानांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सरकारी मोफत उपचारांचं कार्ड, काढलं. सत्तरी ओलांडलेल्यांना ते आधारवर मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार. पण ते ॲडमिट झाल्यावरच्या खर्चासाठी, तेही यादीतल्या हॉस्पिटलांतच. तेव्हा आपलं हॉस्पिटल यादीत आहे का, हे आजच फोन करून विचारा.