भाड्याच्या घराचे टोकन देण्यापूर्वी

नवी मुंबईतील ऐरोली किंवा घणसोलीत नोकरी लागून एकट्याने राहायला येणाऱ्यांनी अविवाहित भाडेकरू चालतात का, हे दलालाला नव्हे, तर सोसायटीच्या कार्यालयातच विचारावे. पाहुण्यांबाबतचे अलिखित नियमही तिथेच कळतात. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याचा करार) नुसत्या नोटरीवर भागवू, असे घरमालक म्हणाला, तरी ते मान्य करू नये, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावरच आहे. आता ही नोंदणी आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे घेऊन घरबसल्या होते, त्यामुळे वेळ नसल्याची सबब टिकत नाही. अनामत रक्कम परत करण्याची मुदत, घर सोडण्याची पूर्वसूचना आणि रंगकामाचा खर्च कोणाचा, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. अनामतीतील कापाकापी बहुधा रंगकामाच्याच नावाखाली होते. ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावर स्वस्त घर मिळत असेल, तर कामाच्या दिवशी सकाळी तिथून बसने ठाणे स्थानक गाठून पाहावे, कारण ऐरोलीकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल तिथूनच सुटते.