आमवात असताना वजन कमी करायचंय? मग आधी हे बघा

आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटून ते सुजतात तो आजार) असलेल्या माणसाला 'जरा वजन कमी करा' हे इतक्या वेळा ऐकावं लागतं की शेवटी तो ऐकणंच सोडून देतो. सल्ला चुकीचा नाहीये, पण का आणि कसं हे कुणी धड सांगत नाही, आणि सकाळी मूठसुद्धा वळत नसताना व्यायाम कसला करणार हा प्रश्न उरतोच.

आधी का ते बघू. गुडघे, घोटे, पावलं यांच्यावर भार येतो हे सगळ्यांना कळतं, पण मग बोटांच्या सांध्यांचा काय संबंध, त्यांच्यावर कोण उभं राहतं? तर चरबी, खास करून पोटातली, नुसती साठून पडलेली नसते, ती टीएनएफ, आयएल-६ अशी सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडत असते. आमवातात सांध्यांमध्ये धुमाकूळ घालणारी रसायनं पण हीच, बरीचशी बायोलॉजिक इंजेक्शनं (जिवंत पेशींपासून बनवलेली, नेमक्या एका गोष्टीवर काम करणारी औषधं) यांनाच अडवायला बनवलीत. म्हणजे एकीकडे औषध आग विझवतंय आणि दुसरीकडे पोट त्यात तेल ओततंय. म्हणूनच वजन जास्त असलेल्यांमध्ये रेमिशन, म्हणजे आजार जवळपास शांत होणं, तुलनेने कमी जणांना मिळते, आणि टीएनएफ अडवणारी औषधं थोडी कमी पडतात, अगदी इन्फ्लिक्सिमॅबसारखं वजनाच्या हिशोबाने देतात ते औषधसुद्धा. रिटुक्सिमॅब किंवा अबाटासेप्ट या वेगळ्या पद्धतीने काम करणाऱ्या बायोलॉजिक औषधांमध्ये हा फरक तेवढा दिसत नाही. त्यामुळे औषध बदलायचा विषय निघाला की 'माझ्या वजनाचा यात विचार केलाय का' असं डॉक्टरांना सरळ विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता कामाला लागायच्या आधी एक गोष्ट करा, दुखणं कुठलं ते ओळखायला शिका. सकाळी उठल्यावर तासभर किंवा जास्त वेळ सांधे आखडलेले, सुजलेले, हात लावला तर गरम, आणि हालचाल केल्यावर जरा मोकळे होतात, हे बहुतेक सुजेचं दुखणं. दिवसभर उभं राहून संध्याकाळी गुडघे ठणकतात आणि बसलं की बरं वाटतं, हे बहुतेक भाराचं. दोन्ही एकत्र पण असू शकतं. एक वही ठेवा, सकाळी किती वेळ आखडलं आणि संध्याकाळी काय दुखलं एवढंच लिहा. पहिल्या प्रकारात औषधाचं बघावं लागतं, दुसऱ्यात नुसता डोस वाढवून फारसा उपयोग नाही.

हे महत्त्वाचं अशासाठी की रिपोर्टसुद्धा फसवू शकतात. जास्त चरबीमुळे सीआरपी (रक्तातून सूज मोजायची टेस्ट) थोडा वाढलेला राहू शकतो, बायकांमध्ये जास्त करून, आणि आजाराचा जो स्कोअर काढतात त्यात सीआरपी किंवा ईएसआर (सुजेचीच दुसरी रक्ततपासणी) धरलेला असतो. शिवाय चरबीखालची सूज बोटांनी दाबून नीट कळत नाही. शंका असेल तर सांध्याची सोनोग्राफी करता येते का ते विचारा.

मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध चालू असेल तर लिव्हरच्या टेस्ट अजिबात चुकवू नका. वाढलेल्या वजनाबरोबर फॅटी लिव्हर बऱ्याचदा असतं आणि मग रिपोर्टमध्ये लिव्हरचे एन्झाइम्स वाढले की डोस कमी करावा लागतो, कधी औषध बंदच करावं लागतं. (आणि हो, ही गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही, हे घरातल्यांनाही सांगून ठेवा.) स्टेरॉईडने भूक आणि वजन दोन्ही वाढतं, म्हणून काहीजण गोळी परस्पर बंद करतात. असं अजिबात करू नका, बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉईड अचानक सोडणं धोक्याचं आहे, डोस हळूहळू कमी कसा करायचा ते डॉक्टरच ठरवतील.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे क्रॅश डाएट. आमवातात स्नायू आधीच झडतात आणि चरबी मात्र तशीच राहते, कधी वाढते, त्यामुळे काटा आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ठीक दाखवत असतानाही आतून माणूस कमजोर होत असतो. उपाशी राहून उतरलेल्या वजनात स्नायूही जातात आणि मग सांध्यांना आधार कोण देणार? म्हणून वजनासोबत कमरेचा घेर मोजा, आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते दर महिन्याला बघा. जेवणात प्रोटीन पुरेसं ठेवा, किडनीचा त्रास असेल तर आधी विचारून. घेर कमी होतोय आणि उठणं सोपं होतंय तर काटा हलला नाही तरी तुम्ही बरोबर चाललाय.

व्यायाम सकाळी उठल्याउठल्या नको, आखडलेपणा उतरला की करा. सायकल, पाण्यातलं चालणं, रबरी बँड, सगळं चालेल, बँड बोटांनी धरवत नसेल तर मनगटाला गुंडाळा. सांधा सुजून लाल झालेला असेल त्या दिवशी त्याला जोर नको, नुसता हळूच हलवा, बाकीच्या अंगाचा व्यायाम चालू द्या.

टार्गेट सुरुवातीला वजनाच्या ५ ते १० टक्के एवढंच ठेवा. गुडघेदुखीच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात १ किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी हलका होतो असं दिसलंय, म्हणजे थोडं वजन उतरलं तरी फरक पडतो. वजन बरंच उतरलं तर बीपी-शुगरच्या गोळ्यांचे डोस पुन्हा तपासून घ्या. आणि काही न करता वजन आपोआप घटायला लागलं तर खूश होऊ नका, लगेच दाखवा, आजार भडकल्याचं किंवा दुसरंच काही सुरू झाल्याचं ते लक्षण असू शकतं.