पहिलं पिस्तूल घेण्याआधी

दिवाळीला चोपड्याला आलो की संध्याकाळी ओट्यावर तीन-चार पोरं येऊन बसतातच. कुणाचा एच-वन, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा, लागलेला, कुणी बायकोच्या मागोमाग निघालेला. घरभाडं, गाडी, विमा विचारून झालं की आवाज बारीक होतो. "आप्पा, तिकडे पिस्तूल खरंच दुकानात मिळतं का?" मिळतं. मी टेक्सासात अठरा वर्षं आहे, माझ्याकडे दोन आहेत. दर वर्षी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

आधी व्हिसा बघा. एच-वन, एल-वन, एफ-वन असल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि गोळ्या जवळ बाळगायला बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, ते वकिलाला विचारा, ग्रुपवरच्या शहाण्याला नको. ग्रीन कार्ड आल्यावर मार्ग मोकळा, आणि दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ पूर्ण हवं. "मित्राच्या नावावर घेऊ" हे तर तोंडातून काढू नका. आपण इकडे शालकाच्या नावावर मोटरसायकल घेतो, तसं ते नाही. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना 'हे माझ्यासाठीच घेतोय' असं लिहून द्यावं लागतं. तिथे खोटं लिहिलं तर तुरुंग, आणि ग्रीन कार्डाचं काय होईल ते वेगळंच.

आता कोणतं घ्यायचं. आपल्या डोळ्यांपुढे बंदूक दोनच जागांवरून आलेली असते. एक, सातपुड्यापलीकडून येणारा गावठी कट्टा, पेपरात पोलिसांच्या टेबलावर मांडलेला. दुसरी, एखाद्या पाटलाची परवान्याची 'बत्तीस', म्हणजे ०.३२ इंची गोळीची. भारतात ९ एमएम, म्हणजे नऊ मिलिमीटरची गोळी, सामान्य माणसाला निषिद्ध, म्हणून आपल्याला बत्तीसच माहीत. अमेरिकेत उलट. ९ एमएम सगळीकडे मिळते आणि मोठ्या गोळ्यांत तीच स्वस्त.

नवा माणूस हमखास दोन चुका करतो. एक तर खिशात मावणारं चिमुकलं पिस्तूल घेतो, नाहीतर पंचेचाळीसचं धूड. चिमुकलं जास्त वाईट. गोळी तीच, पण वजन कमी, म्हणून सगळा झटका मनगटात येतो. पकडायला मूठभरही जागा नाही, आणि नळी आखूड असल्याने नेमातली बारीक चूकही निशाण्यावर मोठी होते. मी बायकोसाठी हौसेने तसलंच आणलं. तिने पाच गोळ्या झाडल्या, खाली ठेवलं आणि वर्षभर रेंजचं, म्हणजे नेमबाजीच्या जागेचं, नाव काढलं नाही. मग रुगरचं मार्क फोर घेतलं, पॉइंट बावीसचं. झटका जवळपास नाही, गोळ्या स्वस्त. आज तिचा नेम माझ्यापेक्षा बरा आहे, आणि ती ते चारचौघांत सांगते.

म्हणून शिकायला बावीस. एकच घ्यायचं असेल तर मध्यम किंवा पूर्ण आकाराचं ९ एमएम: ग्लॉक १९, ग्लॉक १७, स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी, सीझेड ७५. ग्लॉक १९ रिकाम्या मॅगझिनसकट (गोळ्या भरायची डबी) ६७० ग्रॅमच्या आसपास भरतं. हातात धरवतं आणि झटकाही बराच गिळतं. पण माझं ऐकून घेऊ नका. रेंजवर भाड्याने चार वेगवेगळी चालवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचतं का, स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, न कुथता मागे ओढता येते का, हे बघा. पैसे पिस्तुलापेक्षा गोळ्यांत जास्त जातात, तेवढे बाजूला काढा.

कानात बोंडं घालून वर इअरमफ लावा. नंतर हात धुवा, शिसं असतं. घरात लेकरं असतील तर कुलूपबंद पेटी.

शिकायचं असेल तर रेंजवरच्या म्हाताऱ्या गोऱ्यांकडे जा. त्यांचं राजकारण मला बिलकुल पटत नाही, पण शिकवण्याची शांतता बघावी तर त्यांच्यात. आपल्यातले काही भो घेतात ते बार्बेक्यूला चार लोकांना दाखवायला. हळदीत हवेत बार काढायची सवय सातासमुद्रापार जाते. इकडेही २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

आता माझी चूक. रेंजवर मी लॅपटॉपचीच बॅग नेत असे. बहिणीच्या लग्नाला आलो, परत निघताना विमानतळावर बॅग मशीनमध्ये दोनदा फिरली. आतल्या कप्प्याच्या शिवणीत ९ एमएमची एक जिवंत गोळी. अमेरिकेतून येताना तिकडच्या तपासणीत दिसली नव्हती, इथे दिसली. एक गोळी, पिस्तूल नाही, काही नाही. तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा, रात्र पोलिस ठाण्यात, विमान गेलं, आणि गोळी निषिद्ध बोअरची, म्हणजे बंदी असलेल्या मापाची, निघाल्याने प्रकरण आणखी जड. 'जाणीवपूर्वक ताबा नव्हता' हे हायकोर्टात पटवून गुन्हा रद्द व्हायला चौदा महिने लागले. तोवर दर प्रवासाला परवानगी, ऑफिसात खुलासे, आणि अण्णांनी केळीच्या विक्रीच्या पट्टीतून उचललेले वकिलाचे पैसे.

तेव्हा रेंजची बॅग वेगळी ठेवा. माझी लाल आहे, गॅरेजात खुंटीला असते, घरातसुद्धा येत नाही. रेंजवर घातलेल्या पँटचे खिसे तिथल्या पार्किंगमध्येच उलटे करा. गावी निघायच्या आदल्या रात्री बायको अजूनही सगळ्या बॅगा पलंगावर उपड्या करते, शिवणी चाचपते, मग माझ्याकडे बघते.