ॲक्वापोनिक्सच्या वाफ्यात काय भराल?

ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतले पाणी वाफ्यातून फिरवून त्यावर झाडे वाढवणे. नवीन माणूस टाकी, पंप आणि मासे निवडण्यात महिना घालवतो. वाफ्यातली खडी मात्र जवळच्या क्रशरवरून उचलून आणतो. पुढचे दोन-तीन महिने पाणी कसे वागणार, हे बरेचसे त्या खडीवर ठरते.

माध्यमात, म्हणजे वाफ्यात भरलेल्या खडीत, चुन्याचा अंश असला की तो हळूहळू विरघळत राहतो आणि पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या आसपास अडकतो. २७ अंश तापमानाला सामू ७ असताना माशांकडून पाण्यात येणाऱ्या एकूण अमोनियापैकी ०.६ टक्क्याच्या जवळपास भाग विषारी रूपात असतो; सामू ८ झाला की तो ६ टक्क्यांवर जातो. म्हणजे खाद्य तेवढेच, मासे तेवढेच, आणि विष दहापट. शिवाय ७ च्या वर झाडांना लोह नीट मिळत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की आधी सामू मोजा.

आपल्याकडची काळी बेसॉल्ट खडी बहुधा चांगली असते. पण काही दगडांच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात; त्यांत कॅल्साइट असेल तर व्हिनेगर टाकताच फसफसते. एवढ्यावर न थांबता बादलीची चाचणी कराच. एका बादलीत निम्मी खडी आणि वापरायचे पाणी, दुसरीत नुसते पाणी. दोन्हीत हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांत सोडणारा सच्छिद्र तुकडा) सोडून तीन दिवस सामू मोजा. दुसरी बादली आवश्यक आहे, कारण बोअरचे पाणी नुसत्या हवेनेही चढते आणि दोष उगाच खडीवर येतो.

आकार १२ ते २० मिमी, थर ३० सेंमी, पाणी वरच्या थराच्या ४-५ सेंमी खालीच थांबावे. नाहीतर वर शेवाळ धरते. पाणी नितळ येईपर्यंत खडी धूत राहा. १ चौरस मीटरच्या वाफ्यात साधारण ४५० ते ५०० किलो खडी बसते, तेव्हा गच्चीवर असाल तर भाजलेल्या मातीचे हलके गोळे घ्या. ते महाग आहेत, पण सामूला धक्का लावत नाहीत. विटांचे तुकडे झिजून गाळ होतो. कोकोपीट रोपे तयार करण्यापुरतेच ठेवावे: पाणी तांबूस होते, क्षार सुटतात आणि सायफन (वाफ्यातले पाणी टाकीत परत सोडणारी नळी) तुंबतो.

अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू खडीवर स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर त्यांच्या या क्रियेमुळे (नायट्रिफिकेशन) सामू उलट खाली येऊ लागतो. ६ च्या खाली गेला तर शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून टाकीत सोडा आणि ६.५ झाला की काढून घ्या.

खडी उकरल्यावर काळा गाळ आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तिथे प्राणवायू पोहोचत नाही. तेवढाच भाग उपसा आणि टाकीच्याच पाण्यात धुवा. नळाच्या क्लोरीनने जीवाणू मरतात. एका वेळी पाव वाफ्याहून जास्त धुऊ नये. नाहीतर अमोनिया पुन्हा चढतो.