सुरमई सुटली, मग रीळ खोललं

डिसेंबरात मी आणि माझा मित्र कराडहून कुंभार्ली घाट उतरून गुहागरला गेलो, दोन कयाक (वल्ह्याच्या छोट्या होड्या) घेऊन. गळाला सुरमई लागली. पहिल्या धावेला तिने कयाकच ओढत नेली. दुसऱ्या धावेला रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तसा तंगूस (गळाची दोरी) सुटू देणारा ब्रेक, अडकला. मित्र ओरडतोय, "ढिला सोड की लेका!" आणि तेवढ्यात तंगूस फाटकन तुटला. रात्रभर झोप नाही.

घरी रीळ खोललं तर ड्रॅगच्या चकत्यांवर पिठासारखं मीठ. कयाकमध्ये आपण पाण्यापासून वीतभर वर बसतो, लाटा रिळावरूनच जातात. त्यात मी ते नळाखाली जोरात धुवायचो. त्या जोरानेच खारं पाणी आत शिरत होतं.

चकत्यांच्या क्रमाचा आधी फोटो काढला, हे विसरू नका. मग कोमट पाण्यात भिजवून पूर्ण वाळवल्या, ड्रॅगचं ग्रीस बोटाला लागेल इतकंच लावलं. दारातल्या आंब्याला स्प्रिंगचा काटा बांधून ड्रॅग बेतला: १५ किलो ताण पेलणाऱ्या तंगूसाला ५ किलोच्या आत.

आता परतल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा, वाळलं की ड्रॅग ढिला करून ठेवतो. फेब्रुवारीत पुन्हा सुरमई लागली. तंगूस सरसर सुटत राहिला, कुठे अडकला नाही.