भाला हातात घ्यायच्या आधी
आमच्या सांगलीत शिवाजी स्टेडियमवर नवीन पोरं येतात ना, आल्या आल्या जोर लावून भाला फेकतात आन आठवड्यात कोपर धरून बसतात, तसं करू नका. आधी बॉल फेका, खांदा मोकळा होऊ दे. मग भाला. भाल्याला पकडायच्या जागी गुंडाळलेली दोरी असते, तिच्या मागच्या कडेला मधलं बोट अडकवा, भाला तळहातात तिरका बसला पाहिजे, मूठ आवळू नका. जोर पायातनं येतो, शेवटी डावा पाय खाटकन रोवला की कंबर फिरते आणि हात मागनं ओढला जातो, माझ्या मते सगळा थ्रो तिथंच आहे. टोक आधी टेकलं नाही तर फाऊल. नीरज चोप्रापण पानिपतच्या शिवाजी स्टेडियमवर वजन कमी करायलाच आलेला, 2021 ला टोकियोत 87.58 मीटर टाकून गोल्ड, पण नव्वदी पार व्हायला 2025 उजाडलं, दोहात 90.23.